डोळ्याखालचा भोवरा

बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला शिरूर तालुक्यात घाट म्हणतात. त्या घाटात बैलांच्या पुढे एक घोडी पळते, आणि ती घोडी कोणती हे ओळखायची आमच्या भागातली पद्धत सोपी होती: तिच्या शेजारी कोण उभं आहे ते बघायचं. पाबळचे आप्पा उभे असले तर घोडी आप्पांची. दौंड तालुक्यातल्या खुटबावचे माझे मामा उभे असले तर घोडी मामांची. या पद्धतीत एकच उणीव होती. एकच माणूस सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या, तशाच दिसणाऱ्या घोडीशेजारी उभा राहू शकत होता.

दोघंही तसे उभे राहिलेले होते. सकाळी पळालेली घोडी दुपारी घाटात उतरायची ती कोरड्या अंगानं, धाप न लागता. लोक तिच्या दमाचं कौतुक करायचे. आप्पांना मामांचं ठाऊक होतं आणि मामांना आप्पांचं. दोघांनी एकमेकांविरुद्ध कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार करणाऱ्याला आधी स्वतःच्या तबेल्याचं दार लावून घ्यावं लागलं असतं.

मग आमच्याकडे लांब पल्ल्याच्या शर्यती आल्या. यात घोडा रानावनातून चाळीस किलोमीटर जातो, पण एका दमात नाही. ठरावीक अंतरावर तो परत येतो, डॉक्टर त्याचे ठोके मोजतात, पाय बघतात, आणि धडधाकट असेल तरच पुढं सोडतात. अशा शर्यतीत मध्येच एक ताजी घोडी आणून उभी करता आली तर काय होईल, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आयोजकांनाही ते समजलं असावं. त्यांनी नियम केला की प्रत्येक घोड्याची ओळख कायमची हवी, पुसता न येणारी हवी, आणि मालकाच्या शब्दावर अवलंबून नको. शेवटचा भाग ऐकून मामांनी विचारलं की हे नेमकं कुणाला उद्देशून आहे.

मी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. मामांनी फोन करून कायमची ओळख म्हणजे काय ते विचारलं, तेव्हा मी बातमीसाठी करते तशी माहिती गोळा केली आणि रविवारी खुटबावला जाऊन त्यांना सांगितली. योगायोगानं आप्पा तिथं आले होते. तापल्या लोखंडाचा डाग ही जुनी पद्धत. आप्पा म्हणाले, डागावर डाग देता येतो, नऊचा आठ करायला लोहार लागत नाही. दुसरी पद्धत अतिथंड शिक्क्याची; त्यानं कातडी जळत नाही, पण त्या जागचे केस कायमचे पांढरे उगवतात. मामांनी स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवलं आणि पांढऱ्या केसांवर इलाज असतो एवढंच म्हणाले. काही देशांत घोड्याच्या वरच्या ओठाच्या आत गोंदतात. ते वाचायला कुणालातरी घोड्याचं तोंड उघडावं लागतं, यावर दोघांनी एकमेकांना जागा देऊ केली.

उरल्या दोन गोष्टी, आणि नियमात त्याच होत्या. एक, तांदळाच्या दाण्याएवढी चिप, मानेच्या डाव्या बाजूला आयाळीखाली सुईनं आत सोडायची. मशीन जवळ धरलं की नंबर दिसतो. दोन, चित्र. छापील घोड्याच्या आकृतीवर डॉक्टर त्या घोड्याच्या अंगावरची प्रत्येक खूण काढतात. अंगावर पांढरं काही नसेल तर सगळी मदार भोवऱ्यांवर. केस जिथं गोल फिरतात तो भोवरा. माणसाच्या अंगठ्याचा ठसा तसा घोड्याचा भोवरा, जन्माला येताना येतो तो मरेपर्यंत हलत नाही.

आप्पांनी हे ऐकून बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "भोवरा हलत न्हाई, हे खरं हाय. पर भोवरा लपतो."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विषय उसाच्या तोडीवर नेला.

त्याचं कारण मला त्याच दिवशी, आप्पा गेल्यावर, कळलं. मामांची नवी घोडी अकलूजच्या बाजारातून आली होती. तपकिरी अंग, काळी आयाळ, काळे पाय, म्हणजे घोडेवाल्यांच्या भाषेत कुमाईत. अंगावर पांढरा ठिपका नाही. चाल अशी की पाठीवर भरला पेला ठेवावा. एवढी घोडी मामांना मिळाली याचं कारण तिच्या डाव्या डोळ्याखाली होतं. तिथं एक भोवरा होता. त्या जागच्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात. आसू म्हणजे आसवं. अशी घोडी ज्याच्या दावणीला असते तो मालक रडतो, असं घोडेवाले सांगतात. बाजारात तिच्याकडे बघून लोक हळहळत होते आणि पुढं जात होते.

मामा स्वतः असलं काही मानत नव्हते. मामी मानत होत्या. मामींच्या माहेरी, कोरेगाव भीमाला, अशीच एक घोडी आली होती आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांचा टेम्पो उलटला होता. टेम्पो घोडी येण्याआधीही एकदा उलटला होता, पण ते मामी मोजत नव्हत्या. आसूढाळाची घोडी दारात आली असती तर ती त्याच पावली परत गेली असती.

म्हणून ती दारात आली ती भोवऱ्याशिवाय. मामांनी वाटेतच मिशीच्या कात्रीनं तिथले केस कातडीलगत कापले. कापल्यावर जागा फिकट दिसायला लागली, म्हणून वर तपकिरी कलप लावला. केस वाढतात, तेव्हा हे दर पंधरवड्याला करावं लागे. आता तपकिरी कलपाची पुडी घरात सापडली तर काय सांगायचं, हा प्रश्न होता. मामा तोवर मिशीला काळा कलप लावायचे. घोडी आली त्या आठवड्यापासून मामांची मिशी कुमाईत झाली.

मिशीचा रंग बदललेला मी पाहिला होता. वय झालं की माणसं मेंदीकडे वळतात, असा मी अर्थ लावला होता. पारावर काहींनी वेगळा अर्थ लावला होता. मामा दिवसेंदिवस घोडीवर चाललेत, असं ते म्हणायचे, आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं.

हे सगळं मामांनी मला सांगितलं ते मोकळं व्हावं म्हणून नाही. त्यांना काम होतं. चिपच्या कागदांवर मालकाचं नाव लागणार होतं आणि ते त्यांना माझं हवं होतं.

"मामा, तुम्ही तर मानत नाही," मी म्हणाले.

"मी न्हाईच मानत. पर कायमची नोंद म्हणत्यात ना ती? मग कायमचं कशाला अंगाव घ्या?" ते म्हणाले. "आन् तू पुण्यात ऱ्हाती. तिथं रडायला जागा न्हाई, येळ न्हाई. आसूढाळानं करायचं काय?"

मी शकुन मानत नाही, म्हणून सही केली. शकुन मानणाऱ्या माणसानं केली नसती.

यात घाई होती ती मामेबहिणीमुळे. ती दौंडला कॉलेजात शिकत होती आणि लहानपणापासून घोड्यावर होती. तरुणांच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पाबळच्या माळावर माघात होणारी शर्यत तिनं नोंदलेल्या घोडीवर पुरी केली, तर राज्याच्या निवड चाचणीला तिचं नाव जाणार होतं. पुढच्या वर्षी वय उलटत होतं. दुसरी घोडी तिच्याकडे नव्हती, आणि दुसऱ्या कुणाच्या घोडीवर बसून चाळीस किलोमीटर जायला ती तयार नव्हती. घोडी ओळखीत बसली नाही तर मुलीची शर्यत सुरू व्हायच्या आधी संपणार, इतकं ते सरळ होतं.

चिप बसवायला डॉक्टरीणबाई खुटबावला आल्या तेव्हा मामी माहेरी गेल्या होत्या. मामांनी मुद्दाम तोच दिवस घेतला होता. मामी नाहीत म्हणून त्या पंधरवड्यात कात्री आणि कलपालाही सुट्टी होती. केस वाढले होते, भोवरा पुरता उमटला होता.

गोठ्यापाशी बरीच माणसं जमली. चिपमध्ये सिम कुठल्या कंपनीचं आहे, असं एकानं विचारलं. घोडी हरवली तर फोन लावता येईल का, असं दुसऱ्यानं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मग उपयोग काय, असं म्हणून ते दोघं निघून गेले. सुई टोचली तेव्हा घोडी जराशी हलली. मामांनी मात्र डोळे मिटून घेतले होते.

मग बाईंनी चित्र काढायला घेतलं. घोडीच्या अंगावरून बोटं फिरवत त्या भोवरे शोधत होत्या आणि आकृतीवर फुल्या मारत होत्या. कपाळावर एक. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक. गळ्याशी एक. डाव्या डोळ्याखाली एक. शेवटच्या फुलीच्या वेळी त्यांनी मामांकडे पाहिलं. त्यांना आसूढाळ ठाऊक असावा. मामांनी आभाळाकडे पाहिलं. मालक म्हणून मी खाली सही केली.

शर्यतीच्या दिवशी मामी येणार नव्हत्या. रानात कांदा काढणीला बाया लावल्या होत्या आणि मामींनी स्वतः उभं राहायचं ठरलं होतं. सकाळी घोडी पिकअपमध्ये चढवली, मामेबहीण टोपी घेऊन मागं घोडीजवळ बसली, मी पुढं बसले, आणि मामी नवं लुगडं नेसून बाहेर आल्या.

"पोरगी पळणार आन् आईनं कांदं उपटत बसायचं व्हय?" त्या म्हणाल्या आणि मला पलीकडे सरकवून बसल्या.

मामांचा हात चावीवरच राहिला. मामी माहेराहून परतल्या त्याला दोनच दिवस झाले होते आणि घोडी तेव्हापासून दौंडच्या एका ओळखीच्याकडे सरावाला होती, निदान मामींना तसं सांगितलेलं होतं. पिकअपमध्ये उभ्या घोडीचा उजवा गाल मामींच्या बाजूला आला हे मामांचं नशीब.

नदी ओलांडून शिक्रापूरला आल्यावर मामांनी चहासाठी गाडी थांबवली. आमचे चहा आले. मामा दोरी तपासून येतो म्हणून मागं गेले. दोरी तपासायला पुष्कळ वेळ लागला. मामींनी त्यांचा चहा बशीनं झाकून ठेवला. ते परत आले तेव्हा त्यांची मिशी ओली आणि नव्यासारखी चकाकत होती. पुडीत उरलेला कलप वाया घालवायचा नाही ही त्यांची जुनी सवय. शिवाय हाताला रंग लागला होता त्याला कारण हवं होतं. मामींनी मिशीकडे पाहून घेतलं आणि शर्यत घोडीची आहे का तुमची, असं विचारलं. मागं बसलेल्या मामेबहिणीनं सगळं पाहिलं होतं. 

मामांचा हिशोब चुकीचा नव्हता. माळावर घोडी ओळखायला मशीन असणार होतं. मशीनला भोवरा लागत नाही. चिपचा नंबर जुळला की चित्राचा कागद कुणी उघडत नाही. डॉक्टरांचं समाधान मशीन करणार होतं आणि मामींचं कलप.

माळावर पोहोचलो तेव्हा मशीनची बॅटरी संपलेली होती. आदल्या रांगेतले घोडे त्यानं वाचले होते आणि मग ते मिटलं होतं. चार्जर पुण्यात राहिला होता. दुसरं मशीन पुण्याहून निघालं होतं आणि कोरेगाव भीमाच्या वाहतुकीत उभं होतं. तिथं उभं असणं म्हणजे कधी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. सुटायची वेळ मात्र ठरलेली होती, कारण ऊन चढल्यावर घोडे सोडत नाहीत. तेव्हा उरलेल्या घोड्यांची ओळख चित्रावरून पटवायचं ठरलं. डॉक्टरीणबाई त्याच होत्या.

आप्पांची घोडी आमच्या आधी होती. तीही कुमाईत. चित्र जुळलं, त्यांचा पुतण्या पुढं गेला. आप्पा तिथंच उभे राहिले आणि आमच्या घोडीकडे बघत राहिले. मग ते डॉक्टरीणबाईंजवळ जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाले, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"मॅडम, ही ती न्हाई वाटत. जरा नीट बघा. ह्यांच्यात घोड्या बदलायची जुनी रीत हाय."

"आन् तुमच्यात?" मामा म्हणाले.

"आमच्यातबी हाय. म्हणून तर वळखतो."

हरकत घेतली की तपासणी नीट करावी लागते. बाईंनी चित्र उघडलं. कपाळाचा भोवरा जुळला. मानेचे जुळले. गळ्याचा जुळला. मग त्या डाव्या डोळ्याखाली आल्या आणि थांबल्या. फुली होती, भोवरा नव्हता. त्या जागी कातडीवर ओलसर तपकिरी चकाकी होती.

आता परिस्थिती अशी होती. घोडी तीच होती. ती तीच आहे हे सिद्ध करायला एक ओला फडका पुरला असता. तो फडका मामांच्या खिशात होता. आणि मामी घोडीच्या डाव्या अंगाला, हात लांब केला तर पोहोचेल इतक्या जवळ, उभ्या होत्या.

मामांनी मामींना पलीकडे उसाचा रस चांगला मिळतो असं सांगितलं. मामींना तहान नव्हती. पाबळला आलोच आहोत तर देवाला जाऊन ये, असं त्यांनी सुचवलं. देव कुठं पळून जात नाही, पोरगी पळणार आहे, असं मामींनी उत्तर दिलं. मामा बाईंच्या कानाशी जाऊन काही पुटपुटले. बाईंनी मोठ्यानं सांगितलं की जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगा, हरकत आलेली आहे.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मालक तुम्ही आहात. तुमचं म्हणणं काय?"

अशा वेळी आम्ही बातमीत लिहितो की संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही. इथं संबंधित मीच होते. मी मामांकडे पाहिलं. मामांनी त्या दिवशीसारखंच आभाळाकडे पाहिलं.

माळाच्या टोकाला सुटणाऱ्या घोड्यांची रांग लागत होती. आप्पांचा पुतण्या लगाम आवरत होता. मामेबहीण टोपी डोक्यावर घालून, पट्टा न लावता, घोडीच्या तोंडाशी उभी होती. आतापर्यंत ती आईकडे बघत नव्हती आणि बापाकडेही बघत नव्हती. घोडीच्या नाकावरून हात फिरवत होती.

"आबा," ती मामांना म्हणाली, "पुसा आता."

मामांनी फडका काढला, पण हात पुढं गेला नाही. शेवटी बाईंनीच कापूस ओला करून पुसलं. कापूस तपकिरी झाला. खाली कातरलेले केस दिसले. बाईंनी अंगठा फिरवला आणि मुळाशी केस गोल वळलेले आहेत, भोवरा आहे, असं सांगितलं.

आप्पा हटले नाहीत. भोवरा असेलही, ते म्हणाले, पण लपवला का? घोडी खरी असती तर रंग कशाला लावावा लागला असता? प्रश्न योग्य होता. बाईंनीही तो विचारला. ओळखीची खूण फसवण्यासाठी झाकली असेल तर घोडी बाद होते, आणि मग स्वारही. कुणासाठी झाकली, हे त्यांना कळायला हवं होतं.

"घरच्यासाठी," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"घरी मंडळी घाबरत्यात." मामींकडे न बघता ते म्हणाले. "बाकी कुनाला फसवायचं न्हवतं. आईशप्पत."

मालकाच्या शब्दावर अवलंबून नको, असा नियम होता, आणि मामा तर आता मालकही नव्हते. बाई थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं की त्या तोंडाकडे नाही, मिशीकडे बघत होत्या. त्यांनी दुसरा कापूस ओला केला.

"मामा, जरा जवळ या."

आमच्या भागात भरल्या माळावर बाईमाणसानं पुरुषाच्या मिशीला हात लावल्याचं मला आठवत नाही. मामांनी हनुवटी पुढं केली. बाईंनी मिशीचा एक आकडा पुसला. मग त्यांनी दोन्ही कापूस शेजारी शेजारी धरले आणि आप्पांना दाखवले. रंग एकच होता, ताजेपणा एकच होता. बदली घोडी आणणारा माणूस, त्या म्हणाल्या, घोडीला रंगवेल. सोबत स्वतःला रंगवणार नाही.

आप्पा दोन पावलं मागं सरकले. माळावरचे लोक हसत होते. मामांची अर्धी मिशी पांढरी आणि अर्धी कुमाईत, अशी होती. अतिथंड शिक्का मारल्यासारखी, असं मला वाटलं, पण मी मालक असल्यामुळे बोलले नाही.

हसण्यात एक माणूस नव्हतं. मामी पुढं आल्या, घोडीचा गालपट्टा हातात धरला आणि डोळ्याखाली पाहत राहिल्या. मामेबहिणीनं आता पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी होकार दिला होता, आप्पांनी हरकत सोडली होती, तरी ती घोडीवर चढली नव्हती. आईनं नको म्हटलं असतं तर ती चढली नसती. हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून हसू थांबलं.

"कवापासून?" मामींनी विचारलं.

"आली तवापासून," मामा म्हणाले.

"आन् तुमचं टकुरं ठिकाणाव न्हाई ते कवापासून?"

मामांनी फडका घडी करून खिशात ठेवला. मामी बाईंकडे वळल्या. रडतो तो मालक, त्या म्हणाल्या, तर कागदावर मालक कोण आहे ते सांगा. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मामींनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे, मग परत माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल होत गेलं.

"ही मालकीण?"

"व्हय," मामा म्हणाले. "कायमची."

"मग इचार कशाचा करायचा?" मामी म्हणाल्या. त्यांनी मुलीच्या टोपीचा पट्टा स्वतः लावला. "जा तू. रडंल ती रडंल."

मामेबहीण सुटली. तिनं शर्यत पुरी केली. पहिल्या काहींत नाही, मधल्यांत. पण प्रत्येक वेळी घोडीचे ठोके मर्यादेत बसले, पाय स्वच्छ राहिले, आणि शेवटच्या तपासणीत बाईंनी मान हलवली. चाचणीला नाव जायला एवढं पुरेसं होतं. मामा तोवर एका बाभळीखाली उरलेली अर्धी मिशी धूत बसले होते. अर्धी ठेवण्यात अर्थ नव्हता.

आप्पांचा पुतण्या बराच पुढं आला. दुपारच्या फेरीतही त्याची घोडी कोरड्या अंगाची होती. लोकांनी तिच्या दमाचं कौतुक केलं. शर्यत संपल्यावर दुसरं मशीन अखेर कोरेगाव भीमातून सुटून आलं आणि शर्यत पुरी केलेल्या सगळ्या घोड्यांचे नंबर वाचून घ्यायचं ठरलं. आमच्या घोडीच्या मानेजवळ ते धरलं तेव्हा ते वाजलं, नंबर जुळला, आणि तो बघायला मी सोडून कुणी उभं नव्हतं. आप्पांची घोडी तपासायची राहिली. दूध घालायची वेळ झाली म्हणून ते आधीच घोडी चढवून निघून गेले होते. त्यांच्याकडे दुभतं जनावर आहे की नाही, याची मी चौकशी केली नाही. स्पर्धेत एक घोडी असलेल्या मालकानं दुसऱ्या मालकाची बातमी करू नये, असा आमच्याकडे संकेत आहे.

दिवस मावळायच्या आत आम्ही खुटबावला पोहोचलो. पोरीनं शर्यत पुरी केली ही बातमी आमच्या आधी गावात आली होती, आणि मामींनी वाटेतूनच फोन करून जेवायला माणसं सांगून ठेवली होती. अंगणात चुली पेटल्या. रानातून नुकत्याच काढलेल्या कांद्यांची पाटी आणून माझ्यासमोर ठेवण्यात आली. सोबत विळी. बायकांनी मदतीला हात पुढं केले तेव्हा मामींनी त्यांना मागं सारलं.

"न्हाई. तीच चिरंल. मालकीण हाय."

मी विचारलं, हे कशासाठी.

"तू रडलीस म्हंजी आसूढाळ फिटला," त्या म्हणाल्या. "एकदा काय ते रडून घे. मग घोडी मोकळी, पोरगी मोकळी, आन् ह्यांचा कलपबी मोकळा."

कांदा ताजा होता आणि तिखट होता. मी शकुन मानत नाही. तरी पहिल्या दोन-तीन कांद्यांतच डोळे चुरचुरायला लागले आणि समोरचं दिसेनासं झालं. मामेबहीण गोठ्यात घोडीला खरारा करत होती आणि आमच्याकडे बघून हसत होती. पांढऱ्या मिशीचे मामा खाटेवर बसून, आपल्याशी याचा काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं, मोबाईल बघत होते. पाटी अर्धी झाली तेव्हा मी विळी बाजूला केली आणि आता पुरे का विचारलं.

मामी खाली वाकल्या, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बाईंनी घोडी तपासली तशी माझी तपासणी केली.

"उजव्यातनं आलंय," त्या म्हणाल्या आणि विळी परत माझ्यापुढं ओढली. "डावा अजून कोरडा हाय. भवरा डाव्याखाली हाय, इसरलीस व्हय?"